घटकराज्यांचा अधिकृत धर्म : अमेरिकन राज्यघटनेतील एका वाक्याचा अर्थपालट

१

संघराज्यातील एखाद्या घटकराज्याला आपला अधिकृत धर्म ठरविता येतो काय, या प्रश्नाचे अमेरिकन कायद्याने दिलेले आजचे उत्तर नकारार्थी आहे. हे उत्तर ज्या वाक्यावर आधारलेले आहे, ते वाक्य मात्र मुळात हा प्रश्न सोडविण्यासाठी लिहिलेले नव्हते. अमेरिकन राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीतील धर्मविषयक वाक्याचा कर्ता ‘काँग्रेस’ हा आहे. धर्माच्या प्रस्थापनेसंबंधी काँग्रेसने कोणताही कायदा करू नये आणि धर्माचरणाच्या स्वातंत्र्यास प्रतिबंध करू नये, एवढाच त्याचा आशय आहे. घटकराज्यांचा त्यात उल्लेख नाही. १७९१ साली हे वाक्य घटनेत समाविष्ट झाले तेव्हा काही घटकराज्यांत अधिकृत धर्म नांदत होता. या वाक्याने त्याला धक्का लागला नाही. उलट केंद्रीय सत्तेच्या हस्तक्षेपापासून त्याला एक प्रकारचे अभयच मिळाले. पुढे १९४७ साली तेच वाक्य, त्यातील एकही अक्षर न बदलता, घटकराज्यांना अधिकृत धर्म स्थापण्यास मनाई करणारे ठरले.

संहिता स्थिर राहून तिचा अर्थ उलटावा, ही घटना साहित्याच्या अभ्यासकास अपरिचित नाही. परंतु कायद्याच्या संहितेत असा पालट झाला, की तिच्याखाली जगणाऱ्या माणसांचे हक्क बदलतात. म्हणून हा पालट कोणी घडवून आणला आणि तो कितपत न्याय्य होता, हे पाहणे अगत्याचे ठरते. न्यायालयाने केवळ व्याख्येच्या बळावर तो घडविला, असे त्याचे टीकाकार म्हणतात. अधिकृत धर्म असलेल्या घटकराज्यांचा अंतर्गत इतिहास पाहिला तर हे म्हणणे अपुरे असल्याचे दिसून येते. स्थानिक बहुसंख्येच्या कराखाली भरडलेल्या लहान पंथांनी या पालटाची भूमी न्यायालयाच्या कितीतरी आधी तयार केली होती.

विषयप्रवेशापूर्वी शब्दाची एक अडचण नमूद करणे आवश्यक आहे. इंग्रजीतील ‘एस्टॅब्लिशमेंट’ या धर्मविषयक संज्ञेला मराठीत नेमका प्रतिशब्द नाही. ‘राजधर्म’ हा शब्द शांतिपर्वापासून राजाचे कर्तव्य या अर्थी रूढ आहे. राज्याने अंगीकारलेला पंथ असा त्याचा अर्थ होत नाही. देवस्थानांची इनामे, वर्षासने, पेशवाईतील श्रावणमासाची दक्षिणा ही राजाश्रयाची रूपे होत. इंग्लंडमध्ये आणि तिच्या अमेरिकन वसाहतींमध्ये जी व्यवस्था होती, तिचे स्वरूप याहून वेगळे होते. एका धर्मसंस्थेला कायद्याने मान्यता, तिच्या उपदेशकांच्या वेतनासाठी सर्व रहिवाशांवर सक्तीचा कर, आणि बहुधा अन्य पंथीयांना अधिकारपदांची बंदी, असे तिचे तीन घटक होते. प्रस्तुत निबंधात ‘अधिकृत धर्म’ हा शब्द याच अर्थाने योजिला आहे.

२

अमेरिकेतील वसाहतींचा इतिहास धर्मस्वातंत्र्याच्या शोधात निघालेल्या माणसांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. तो खरा असला तरी अर्धा आहे. मॅसॅच्युसेट्स आणि कनेक्टिकट येथे स्थायिक झालेल्या प्युरिटनांनी स्वतःसाठी स्वातंत्र्य मिळविले आणि लगोलग आपल्या काँग्रिगेशनल पंथाला अधिकृत स्थान दिले. व्हर्जिनिया व अन्य दक्षिणी वसाहतींत इंग्लंडचे अँग्लिकन धर्मपीठ अधिकृत होते. रॉजर विल्यम्स याने १६३६ मध्ये प्रॉव्हिडन्सची वसाहत वसविली ती मॅसॅच्युसेट्समधून हद्दपार झाल्यानंतर. ऱ्होड आयलंड आणि पेन्सिल्व्हेनिया यांनी अधिकृत धर्म कधीच स्थापन केला नाही.

अधिकृत धर्माचा भार प्रत्यक्षात कसा पडत असे, याचे उदाहरण मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिम भागातील ॲशफील्ड या गावाने दिले आहे. या गावात बाप्टिस्टांची वस्ती आधीची होती. काँग्रिगेशनल मंडळी मागून आली आणि बहुसंख्य झाली. त्यांनी आपला उपदेशक नेमला, सभागृह बांधावयास घेतले आणि त्याचा खर्च सर्व जमीनधारकांवर बसविला. बाप्टिस्टांनी तो देण्याचे नाकारले, तेव्हा १७७० साली त्यांची सुमारे ४०० एकर जमीन लिलावात काढण्यात आली. वसाहतीच्या विधिमंडळाने बाप्टिस्टांना दाद दिली नाही. शेवटी प्रकरण लंडनला गेले आणि १७७१ मध्ये राजाने आपल्या प्रिव्ही कौन्सिलच्या सल्ल्याने तो स्थानिक कायदा रद्द ठरविला.

या घटनेतील विसंगती मोठी अर्थपूर्ण आहे. ज्या काळात मॅसॅच्युसेट्सचे पुढारी प्रतिनिधित्वावाचून कर नको, अशी घोषणा इंग्लंडविरुद्ध करीत होते, त्याच काळात त्यांच्याच प्रांतातील एका लहान पंथाला त्यांच्या करापासून संरक्षण मिळाले ते समुद्रापलीकडील राजाकडून. बाप्टिस्टांचा नेता आयझॅक बॅकस १७७४ मध्ये फिलाडेल्फियाला गेला आणि तेथे जमलेल्या मॅसॅच्युसेट्सच्या प्रतिनिधींसमोर त्याने हे गाऱ्हाणे मांडले. बॅकसच्याच नोंदीप्रमाणे, आपला प्रांत अधिकृत धर्म सोडील अशी अपेक्षा करणे म्हणजे सूर्यमालेत बदल होण्याची अपेक्षा करण्यासारखे आहे, असे उत्तर त्याला जॉन ॲडम्सकडून मिळाले.

स्वातंत्र्यानंतर घटकराज्यांनी आपापल्या घटना लिहिल्या, त्यांत या प्रश्नाची परस्परविरोधी उत्तरे आढळतात. दक्षिण कॅरोलिनाने १७७८ च्या घटनेत प्रॉटेस्टंट ख्रिस्ती धर्म हा राज्याचा अधिकृत धर्म असल्याचे स्पष्ट घोषित केले आणि १७९० च्या घटनेत ती तरतूद गाळली. मेरीलँडने १७७६ मध्ये ख्रिस्ती धर्मासाठी सर्वसाधारण कर बसविण्याचा अधिकार विधिमंडळास दिला. मॅसॅच्युसेट्सच्या १७८० च्या घटनेतील हक्कांच्या घोषणेच्या तिसऱ्या अनुच्छेदाने प्रॉटेस्टंट उपदेशकांच्या निर्वाहाची जबाबदारी गावांवर टाकली. कर भरणाऱ्यास आपली रक्कम आपल्या पंथाच्या उपदेशकाकडे वळविण्याची मुभा होती. पण गावात तसा उपदेशक नसला, की ती बहुसंख्य पंथाच्या उपदेशकाकडे जाई. समतेची भाषा आणि बहुसंख्येचा लाभ यांची ही सांगड पुढे पन्नास वर्षे टिकली.

व्हर्जिनियाने वेगळी वाट धरली. तेथे १७८४ साली पॅट्रिक हेन्री याने ख्रिस्ती धर्माच्या शिक्षकांसाठी कर बसविण्याचे विधेयक पुढे आणले. कोणत्याही एका पंथाचा पक्षपात न करणारे असे त्याचे रूप होते. जेम्स मॅडिसनने १७८५ मध्ये त्याच्या विरोधात १५ मुद्द्यांचे एक निवेदन लिहिले आणि ते नागरिकांच्या सह्यांसाठी गावोगाव फिरले. कराची रक्कम किती अल्प आहे, हा प्रश्न गौण असून राज्याला असा कर बसविण्याचा अधिकार आहे हेच मान्य करता कामा नये, असा त्याचा युक्तिवाद होता. विधेयक बारगळले आणि जेफर्सनने कित्येक वर्षांपूर्वी तयार केलेला धर्मस्वातंत्र्याचा कायदा जानेवारी १७८६ मध्ये संमत झाला.

३

पहिल्या दुरुस्तीचे वाक्य घडले ते या भिन्न अनुभवांच्या प्रतिनिधींमध्ये. १७८९ च्या पहिल्या काँग्रेसमध्ये मॅडिसनने सुचविलेल्या दुरुस्त्यांत एक स्वतंत्र दुरुस्ती घटकराज्यांना उद्देशून होती. कोणत्याही घटकराज्याने सदसद्विवेकाचे समान हक्क, वृत्तपत्रांचे स्वातंत्र्य आणि फौजदारी खटल्यातील ज्यूरीचा हक्क यांचा भंग करू नये, असे तिचे स्वरूप होते. व्यक्तीला धोका केंद्रीय सत्तेपेक्षा घटकराज्यांकडून अधिक आहे, असे मॅडिसनचे मत असल्यामुळे ही दुरुस्ती त्याला सर्वांत मोलाची वाटत होती. प्रतिनिधिगृहाने ती स्वीकारली. सिनेटने ती फेटाळली. याचा अर्थ असा, की घटकराज्यांवर धर्मविषयक बंधन घालावे काय, हा प्रश्न त्या वेळी विचारला गेला होता आणि त्याचे उत्तर नकारार्थी आले होते.

जे वाक्य उरले त्यातील ‘प्रस्थापनेसंबंधी’ हा शब्द दुधारी आहे. काँग्रेसने राष्ट्रीय धर्म स्थापन करू नये हा त्याचा एक अर्थ. घटकराज्यांनी स्थापिलेल्या धर्मासंबंधीही काँग्रेसने कायदा करू नये हा दुसरा. मॅसॅच्युसेट्सच्या प्रतिनिधीला दुसरा अर्थ महत्त्वाचा, तर व्हर्जिनियातील बाप्टिस्टाला पहिला. दोघांनाही एकाच वाक्याला संमती देता आली, याचे श्रेय या संदिग्धतेला द्यावे लागेल. मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट आणि जॉर्जिया या तीन राज्यांनी त्या काळी या दुरुस्त्यांना रीतसर अनुमती दिली नाही. ती त्यांनी दीडशेव्या वर्षाचे निमित्त साधून १९३९ साली दिली.

४

या वाक्याचे सर्वांत प्रसिद्ध भाष्य एका पत्रात आलेले आहे. कनेक्टिकटमधील डॅनबरी येथील बाप्टिस्ट संघाने ऑक्टोबर १८०१ मध्ये नवनिर्वाचित अध्यक्ष जेफर्सन याला एक अभिनंदनपर पत्र लिहिले. आपल्या राज्यात आपल्याला जे धर्मस्वातंत्र्य लाभते ते हक्क म्हणून नव्हे, तर कृपा म्हणून लाभते, अशी व्यथा त्यात होती. कनेक्टिकटमध्ये भिन्नपंथीयाला काँग्रिगेशनल करातून सूट हवी असल्यास आपण अन्य पंथाचे आहोत असा दाखला द्यावा लागे. माणसाने आपल्या श्रद्धेचा दाखला शासनाला सादर करावा, हेच बाप्टिस्टांना अपमानास्पद वाटत होते. राष्ट्राध्यक्षाला घटकराज्याचे कायदे मोडता येत नाहीत, याची त्यांना पूर्ण जाणीव होती आणि ती त्यांनी पत्रातच नोंदविली होती.

१ जानेवारी १८०२ रोजी जेफर्सनने दिलेल्या उत्तरात धर्मसंस्था आणि राज्य यांच्यामधील विभाजक भिंतीचे प्रसिद्ध रूपक आले. या रूपकाची पूर्वपीठिका रॉजर विल्यम्सच्या १६४४ मधील लेखनात सापडते. त्याच्या लेखनात भिंत आहे ती धर्मसंस्थेचा बगीचा आणि जगाचे रान यांच्यामध्ये. रानापासून बगीचा सुरक्षित राहावा, हा तिचा हेतू. जेफर्सनच्या भिंतीचा रोख राज्याच्या सत्तेवर आहे.

अमेरिकन न्यायशास्त्रात या रूपकाची चर्चा विपुल झाली असली, तरी ज्या पत्राला ते उत्तर होते त्या पत्रातील गाऱ्हाण्याशी त्याचा मेळ घालून पाहिला जात नाही. जेफर्सनने वर्णिलेली भिंत समस्त अमेरिकन जनतेच्या विधिमंडळाने, म्हणजे काँग्रेसने, मानावयाची होती. डॅनबरीच्या बाप्टिस्टांना छळणारी सत्ता कनेक्टिकटची होती. तिच्या आणि त्यांच्यामध्ये कोणतीही भिंत नव्हती. ते आणि त्यांचा करवसुली अधिकारी भिंतीच्या एकाच बाजूला उभे होते. ज्या गाऱ्हाण्याचे निवारण करण्याचे सामर्थ्य लेखकाकडे नव्हते, त्याच गाऱ्हाण्याच्या उत्तरादाखल हे रूपक जन्मले. आपल्या मित्रांना देण्यासारखा अधिकार जेफर्सनकडे नव्हता. सहानुभूती आणि एक प्रतिमा तेवढी होती. पुढील दीड शतकात त्या प्रतिमेची व्याप्ती वाढून तिने घटकराज्यांनाही कवेत घेतले. म्हणजे बाप्टिस्टांना जे हवे होते, ते अखेर त्या प्रतिमेने दिले. मात्र ते मिळण्याच्या कितीतरी आधी कनेक्टिकटमधील अधिकृत धर्म संपला होता.

योगायोग असा, की त्याच १ जानेवारी रोजी जॉन लेलँड हा बाप्टिस्ट उपदेशक मॅसॅच्युसेट्समधील चेशर गावकऱ्यांनी बनविलेला १,२३५ पौंड वजनाचा चीजचा प्रचंड गोळा घेऊन अध्यक्षांच्या निवासस्थानी उपस्थित झाला होता. ज्या राज्यात उपदेशकाचे वेतन कराच्या सक्तीने वसूल होई, त्या राज्यातील बाप्टिस्टांनी स्वेच्छेने दिलेली ती भेट होती. वृत्तपत्रांनी तिची थट्टा केली. पण आभारप्रदर्शनाच्या त्या ग्रामीण रीतीमागे एक निश्चित राजकीय मत होते.

५

घटकराज्यांतील अधिकृत धर्म कोणत्याही न्यायालयीन आदेशाने संपला नाही. व्हरमाँटने १८०७ मध्ये, मेरीलँडने १८१० मध्ये, कनेक्टिकटने १८१८ च्या नव्या घटनेने, न्यू हॅम्पशरने १८१९ मध्ये आणि मॅसॅच्युसेट्सने सर्वांत शेवटी १८३३ मध्ये तो आपणहून सोडला. ही प्रक्रिया आतून झाली आणि तिची कारणे तात्त्विक तितकीच व्यावहारिक होती.

मॅसॅच्युसेट्सचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. १८१० साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने बार्न्स विरुद्ध फालमथ या खटल्यात असा निर्णय दिला, की ज्या धर्मसमाजाला कायद्याने संस्थारूप मिळालेले नाही, त्याच्या उपदेशकाला कराच्या रकमेवर हक्क सांगता येणार नाही. बहुतेक भिन्नपंथीय मंडळे अशीच अनौपचारिक होती. पुढच्याच वर्षी विधिमंडळाला कायदा करून ही अट सैल करावी लागली. त्यानंतरचा आघात अधिक अनपेक्षित होता. काँग्रिगेशनल पंथातच युनिटेरियन आणि सनातनी असे दोन तट पडले. डेडम या गावी करदात्या रहिवाशांनी युनिटेरियन विचारांचा उपदेशक निवडला. दीक्षित सभासदांपैकी बहुसंख्य सनातनी होते व त्यांनी विरोध केला. १८२० च्या सुमाराच्या या खटल्यात न्यायालयाने कौल दिला तो करदात्यांच्या बाजूने: उपदेशक निवडण्याचा आणि धर्मसंस्थेची मालमत्ता बाळगण्याचा अधिकार त्यांचा ठरला. उपदेशकाला गाव पोसते, म्हणून उपदेशक गावाचा, असे या निर्णयाचे तर्कशास्त्र होते.

सनातन्यांचे डोळे या निर्णयाने उघडले. राज्याच्या आश्रयाने जी संस्था उभी राहते, ती राज्याच्या मतदारांच्या मालकीची होते, हे त्यांच्या प्रत्ययास आले. आजवर अधिकृत धर्माचे रक्षण करणारेच आता त्याचे विरोधक झाले. १८२० च्या घटनापरिषदेने सुचविलेला बदल मतदारांनी नाकारला होता; १८३३ मध्ये मात्र सुमारे दहास एक अशा बहुमताने त्यांनी तिसऱ्या अनुच्छेदाची व्यवस्था मोडीत काढली. कनेक्टिकटमध्ये लायमन बीचर याने या बदलाला कडवा विरोध केला होता. हॅरिएट बीचर स्टो या कादंबरीकर्त्रीचा हा पिता. त्यानेच पुढे आत्मचरित्रात कबूल केले, की कनेक्टिकटच्या धर्मसंस्थांच्या बाबतीत घडलेली ही सर्वांत हितकारक गोष्ट होती. त्यामुळे त्या स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या.

अधिकृत धर्म गेला म्हणजे धर्मावर आधारलेला भेद संपला, असे मात्र म्हणता येत नाही. मेरीलँडमध्ये ज्यूंना अधिकारपदे खुली होण्यास १८२६ साल उजाडले. न्यू हॅम्पशरमध्ये काही पदे केवळ प्रॉटेस्टंटांसाठी राखीव असल्याची अट १८७७ पर्यंत टिकली.

६

मॅसॅच्युसेट्सने अधिकृत धर्म सोडला त्याच १८३३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बॅरन विरुद्ध बाल्टिमोर या खटल्यात पहिल्या दहा दुरुस्त्या घटकराज्यांना लागू होत नाहीत, असा निर्वाळा दिला. १८४५ मध्ये न्यू ऑर्लिन्समधील पेर्मोली या कॅथलिक धर्मगुरूने अंत्यविधीवरील नगरपालिकेच्या निर्बंधाविरुद्ध दाद मागितली, तेव्हा घटकराज्याच्या नागरिकाचे धर्मस्वातंत्र्य हा त्या त्या राज्याच्या घटनेचा विषय आहे, असे सांगून न्यायालयाने हात झटकले.

यादवी युद्धानंतर १८६८ साली चौदावी दुरुस्ती आली. कायद्याच्या योग्य प्रक्रियेवाचून कोणत्याही व्यक्तीचे जीवित, स्वातंत्र्य वा मालमत्ता घटकराज्याने हिरावून घेऊ नये, असे बंधन तिने घातले. मुक्त झालेल्या गुलामांना त्यांच्याच राज्यांच्या सत्तेपासून संरक्षण देणे हा तिचा मुख्य हेतू. मॅडिसनची १७८९ मधील भीती दास्याच्या रूपाने खरी ठरल्यानंतर घटनेने घेतलेला हा धडा होता. परंतु या ‘स्वातंत्र्या’त धर्मविषयक हक्क अंतर्भूत आहेत काय, याचे उत्तर लगेच मिळाले नाही. १८७५ मध्ये जेम्स ब्लेन याने घटकराज्यांना अधिकृत धर्म स्थापण्यास मनाई करणारी स्वतंत्र दुरुस्ती मांडली. कॅथलिक शाळांकडे सार्वजनिक पैसा जाऊ नये, हा तत्कालीन प्रॉटेस्टंट आग्रह तिच्यामागे होता. १८७६ मध्ये प्रतिनिधिगृहात ती १८० विरुद्ध ७ मतांनी संमत झाली. सिनेटमध्ये तिला दोनतृतीयांश मते मिळाली नाहीत. चौदाव्या दुरुस्तीनेच हे काम झाले असते, तर ब्लेनच्या दुरुस्तीची गरज काय होती, हा टीकाकारांचा प्रश्न सहजासहजी डावलता येत नाही.

निर्णायक पाऊल विसाव्या शतकात पडले. १९४० च्या कँटवेल खटल्यात धर्माचरणाच्या स्वातंत्र्याची हमी घटकराज्यांवर बंधनकारक ठरली, आणि १० फेब्रुवारी १९४७ रोजी एव्हरसन विरुद्ध शिक्षण मंडळ या खटल्यात प्रस्थापनेची मनाईही. वाद न्यू जर्सीतील एका नगरविभागाने कॅथलिक शाळांत जाणाऱ्या मुलांच्या बसभाड्याची भरपाई करावी की नाही, एवढाच होता. न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांच्या बहुमताने, ५ विरुद्ध ४, ही भरपाई वैध ठरविली. पण घटकराज्यही धर्मपीठ स्थापू शकत नाही, या तत्त्वाबद्दल नऊ न्यायमूर्तींत दुमत नव्हते.

या निकालपत्राचे एक अंग साहित्याच्या अभ्यासकाने विशेष लक्षात घ्यावे असे आहे. न्यायमूर्ती रटलेज यांनी आपल्या भिन्नमतपत्राला मॅडिसनचे १७८५ चे निवेदन परिशिष्ट म्हणून जोडले. एका घटकराज्याच्या विधेयकाविरुद्ध लिहिलेली पत्रिका अशा रीतीने राष्ट्रीय घटनेच्या भाष्यग्रंथात जाऊन बसली. व्हर्जिनियाचा इतिहास हाच राष्ट्राचा इतिहास मानला गेला आणि मॅसॅच्युसेट्सचा इतिहास पार्श्वभूमीत गेला. ही निवड होती; संहितेतून आपोआप निघालेला निष्कर्ष नव्हता.

७

या निवडीला आव्हान मिळणे अपरिहार्य होते. अलाबामातील शाळांमधील प्रार्थनेच्या प्रकरणात जानेवारी १९८३ मध्ये संघीय जिल्हा न्यायाधीश ब्रेवर्ड हँड यांनी एव्हरसनचा इतिहास चुकीचा असून घटकराज्याला धर्म स्थापण्याचा अधिकार आहे, असा निकाल दिला. तो टिकला नाही. १९८५ च्या वॉलेस विरुद्ध जाफ्री या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने त्यातील तत्त्व स्पष्टपणे नाकारले. मात्र न्यायमूर्ती रेन्क्विस्ट यांनी भिन्नमतपत्रात भिंतीच्या रूपकावरच कठोर टीका केली. न्यायमूर्ती क्लॅरेन्स टॉमस यांनी २००४ पासून अनेक मतपत्रांत असे प्रतिपादिले आहे, की प्रस्थापनेचे वाक्य हे अधिकारविभागणीचे वाक्य आहे. ते व्यक्तीचा हक्क सांगत नाही, म्हणून ते घटकराज्यांना लावणे हे त्याच्या मूळ हेतूला छेद देणारे आहे. २०१३ साली उत्तर कॅरोलिनाच्या विधिमंडळात हे वाक्य घटकराज्यांना लागू नाही असे घोषित करणारा ठराव दाखल झाला. तो मतदानापर्यंत पोहोचला नाही. ओक्लाहोमात शासकीय निधीवर कॅथलिक शाळा चालविण्याची योजना राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये रद्द केली आणि मे २०२५ मध्ये संघीय सर्वोच्च न्यायालयात ४ विरुद्ध ४ अशी समान विभागणी झाल्याने तो निर्णय कायम राहिला. प्रश्न पूर्णपणे मिटलेला नाही, हे यावरून दिसते.

टॉमस यांच्या प्रतिपादनात १७९१ च्या अर्थाचे वर्णन बरेच यथार्थ आहे. संघराज्याच्या कल्पनेतच घटकराज्यांच्या अधिकृत धर्माला मज्जाव असतो, असेही नाही. स्वित्झर्लंडच्या १९९९ च्या राज्यघटनेचे ७२ वे कलम धर्मसंस्था आणि राज्य यांच्या संबंधांचे नियमन कँटनांवर सोपविते. जिनिव्हाने १९०७ मध्ये स्वीकारलेली विभक्तता आणि अन्य कँटनांनी धर्मसंस्थांना दिलेली मान्यता तेथे शेजारी नांदतात. परंतु टॉमस यांचा युक्तिवाद १७९१ ते १८६८ या मधल्या काळाकडे पुरेसे पाहत नाही. चौदावी दुरुस्ती आली तोवर प्रत्येक घटकराज्याने अधिकृत धर्म सोडलेला होता, आणि तो सोडताना राज्यांची अधिकारकक्षा हा मुद्दा नव्हता. व्यक्तीला आपल्या श्रद्धेविरुद्ध कर देण्यास भाग पाडू नये, हा होता. ॲशफील्डच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने अधिकृत धर्म हा प्रथमपासूनच हक्काचा प्रश्न होता. १९४७ च्या न्यायालयाने संहितेला नवा अर्थ दिला हे खरे. पण तो अर्थ घटकराज्यांच्या नागरिकांनी शतकभर आधीच आपापल्या घटनांत लिहून ठेवलेला होता.

८

एव्हरसनचा निकाल लागला त्याच वर्षी भारताच्या संविधान सभेचे काम चालू होते. कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ या काळात अध्ययन केलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४७ मध्ये ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ हे निवेदन सिद्ध केले. त्यात देशाचे नाव ‘युनायटेड स्टेट्स ऑफ इंडिया’ असे योजिलेले असून राज्याने कोणत्याही धर्माला राज्याचा धर्म म्हणून मान्यता देऊ नये, असे स्पष्ट कलम आहे. अंतिम संविधानात असे कलम आले नाही. डिसेंबर १९४८ मध्ये हरि विष्णु कामत यांनी राज्याने कोणताही विशिष्ट धर्म स्थापू नये, त्याला देणगी वा आश्रय देऊ नये, अशी दुरुस्ती सुचविली. ती फेटाळली गेली.

तरीही घटकराज्यांविषयीचा अमेरिकन पेच भारतात उद्भवला नाही, याचे कारण संविधानाच्या १२ व्या अनुच्छेदात आहे. मूलभूत हक्कांच्या प्रकरणातील ‘राज्य’ या शब्दात संसद आणि केंद्र शासन यांच्याबरोबर प्रत्येक घटकराज्याचे शासन व विधिमंडळ आणि स्थानिक प्राधिकरणेही येतात, अशी व्याख्या तेथे आहे. अमेरिकेला ज्यासाठी १५६ वर्षे लागली, ते काम येथे एका व्याख्येने केले. २७ वा अनुच्छेद ज्याचे उत्पन्न विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी खास राखून ठेवले आहे असा कर देण्यास कोणालाही भाग पाडता येणार नाही, असे सांगतो. ॲशफील्डची तक्रार नेमकी हीच होती. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा सादर करताना आंबेडकरांनी गावाऐवजी व्यक्ती हा घटक मानल्याचे समर्थन केले, ते या संदर्भात आठवते. निकटची सत्ता ही दूरच्या सत्तेहून अधिक सौम्य असतेच असे नाही, ही जाणीव त्यामागे होती.

या चौकटीला अपवाद आहेत आणि ते इतिहासातून आलेले आहेत. त्रावणकोरच्या मार्तंड वर्म्याने १७५० मध्ये आपले राज्य पद्मनाभस्वामीला अर्पण केले आणि त्याचे वारस देवाचे दास म्हणून राज्य करू लागले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी रेसिडेंट-दिवाण मन्रो याच्या काळात देवस्थानांच्या जमिनी राज्याने ताब्यात घेतल्या. संस्थान विलीन होताना त्यांचे उत्तरदायित्व शिल्लक राहिले. परिणामी १९५६ मध्ये आलेल्या अनुच्छेद २९०-क प्रमाणे केरळच्या संचित निधीतून दरवर्षी ४६ लाख ५० हजार आणि आजच्या तमिळनाडूच्या निधीतून १३ लाख ५० हजार रुपये देवस्वम् निधीला द्यावे लागतात. सिक्कीमच्या विधानसभेत बौद्ध मठांच्या संघासाठी एक जागा राखीव आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये ती बहुमताने वैध ठरविली. नागालँड व मिझोरम यांच्या धार्मिक व सामाजिक प्रथांना ३७१-क आणि ३७१-छ या अनुच्छेदांनी संसदेच्या कायद्यांपासून संरक्षण दिलेले आहे. या तरतुदी त्या त्या प्रदेशाच्या विलीनीकरणाच्या अथवा राज्यनिर्मितीच्या अटींची खूण आहेत. कोणत्याही राज्याला धर्म ठरविण्याचा सामान्य अधिकार त्यांतून मिळत नाही. १९९४ च्या बोम्मई निर्णयात धर्मनिरपेक्षता ही संविधानाच्या मूलभूत संरचनेचा भाग ठरली आणि तिच्याविरुद्ध वागणारे राज्य शासन अनुच्छेद ३५६ च्या कक्षेत येऊ शकते, असे नऊ न्यायमूर्तींच्या पीठाच्या बहुमताने मानले.

दोन्ही देशांची तुलना करता असे दिसते, की अमेरिकेने निषेधाचे वाक्य लिहिले, पण त्याचा कर्ता अपुरा ठेवला. भारताने ते वाक्य लिहिण्याचे नाकारले, पण ज्यांच्याविरुद्ध नागरिकाला हक्क आहेत त्यांची यादी पूर्ण केली. घटकराज्य धर्म स्थापू शकते काय, याचा निर्णय शेवटी या यादीने होतो. अमेरिकेत ती न्यायालयीन अर्थनिर्णयाने पूर्ण झाल्यामुळे तिच्यावरील आक्षेप आजही उपस्थित होतात. भारतात ती संहितेतच असल्याने तसा आक्षेप उरत नाही. वाद उरतो तो आश्रय, अनुदान आणि प्रथांचे संरक्षण कोठवर जावे याचा, आणि तो प्रत्येक राज्याच्या इतिहासानुसार वेगळ्या रीतीने पुढे येतो. बॅकस आणि डॅनबरीचे बाप्टिस्ट यांच्या लेखनाचे महत्त्व त्यामुळे कमी होत नाही. बहुसंख्येच्या गावात अल्पसंख्य म्हणून जगणाऱ्या माणसाला अधिकृत धर्म कसा दिसतो, याची ती प्रथमदर्शी साक्ष आहे, आणि दोन्ही संविधानांतील संबंधित तरतुदी वाचताना तीच पहिल्याने वाचली गेली पाहिजे.